संगणकाच्या हजेरीपटावर नाव कसे घालावे



वसंत व्याख्यानमालेची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास सुरू केली, आणि तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, धर्मविचार असे भारदस्त विषय बोलले जात आले आहेत. नववीत शाळा सुटलेल्या आमच्यासारख्या कामगार कार्यकर्त्याने येथे उभे राहून, संगणकाच्या पडद्यावर एक लहानसे चित्र कसे लावावे एवढेच सांगावे, याची काहींना मौज वाटेल. परंतु ज्या गोष्टीवाचून आमचे काम एकदा अडले आणि जी शिकल्यावर पुन्हा अडले नाही, ती गोष्ट गावासमोर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शिवाय विषय दिसतो तितका लहान नाही. यंत्र आपल्या ताब्यात आहे की आपण यंत्र जाणणाऱ्या माणसाच्या ताब्यात आहोत, हा जुनाच प्रश्न त्यात दडलेला आहे.

आमच्या संघटनेची येथे नाट्यास एक खोलीची कचेरी आहे. सभासद म्हणजे होड्यांवरचे खलाशी, आंबाबागांतले मजूर, गवंडीकाम करणारे आणि घरकाम करणाऱ्या बाया. कचेरीत दोन जुने संगणक आहेत. त्यांवर विंडोज १० ही प्रणाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्या प्रणालीचा नेहमीचा मोफत पाठिंबा थांबविला, म्हणजे तिच्यात पुढे सापडणारी भोके बुजविण्याचे काम बंद केले. मुदतवाढीची काही सोय होती, पण ती काही काळापुरतीच. पुढची विंडोज ११ ही प्रणाली आमच्या यंत्रांवर बसेना, कारण तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि अलीकडच्या बनावटीचा प्रोसेसर लागतो. एका दुकानदाराने दोन्ही यंत्रे भंगारात काढण्याचा सल्ला दिला व नव्यांचा भाव सांगितला. तो ऐकून आमच्या खजिनदारांनी वहीच मिटली.

शेवटी एका सभासदाचा रत्नागिरीस शिकणारा मुलगा सुट्टीत आला आणि त्याने दोन्ही यंत्रांवर लिनक्स घातले. यंत्रे धडधाकट चालू लागली. पत्रके व फलक काढण्यासाठी इंकस्केप नावाचा प्रोग्रॅम त्याने इंटरनेटवरून उतरवून दिला आणि सुट्टी संपताच तो परत गेला.

महिन्याभराने एक प्रसंग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सभा होती आणि पत्रक रात्रीत छापावयाचे होते. कचेरीचे काम पाहणाऱ्या ताई संगणकापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, चित्रं काढायचा तो प्रोग्रॅम कुठं गेला?" मेनूत तो कधीच नव्हता. त्या दररोज डाउनलोड्स नावाच्या फोल्डरात जाऊन, लांबलचक नावाची एक फाइल हुडकून, तिच्यावर दोनदा टिचकी मारीत असत. त्या दिवशी दुपारी एका उत्साही कार्यकर्त्याने तो फोल्डर 'साफ' केला होता आणि एवढी मोठी, अगम्य नावाची फाइल कचरा समजून कायमची पुसून टाकली होती. त्या रात्री आम्ही कार्बन घालून हाताने पत्रके लिहिली. अकरा झाली. सभा झाली, पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांतले निम्मे लोक आले नाहीत, कारण त्यांना ती कळलीच नाही.

दोष कोणाचा? आमच्या मते त्या कार्यकर्त्याचा नव्हे. जो प्रोग्रॅम रोज काम करीत होता, त्याचे नाव यंत्राच्या हजेरीपटावर नव्हते. ज्याचे नाव पटावर नाही त्याला कोणीही बाहेर काढू शकतो, हे आम्हांस दुसऱ्या वाटेने फार पूर्वीच ठाऊक झालेले होते.

आमचे वडील मुंबईस गिरणीत बदली कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. पुढे वळकटी बांधून कुटुंब गावी आले. वडील सांगत की कायम कामगाराचे नाव मस्टरवर असे. बदलीवाल्याने रोज दारात उभे राहावे, कोणी आले नाही तर आत जावे. काम दोघांचे सारखेच. फरक एका ओळीचा. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांचे नोंदपुस्तक ठेवण्याची सक्ती केली, ती काही कारकुनांना काम मिळावे म्हणून नव्हे. नोंद असली म्हणजे माणूस नाकारता येत नाही. हाच हिशेब आपण आता संगणकाला लावून पाहू.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगून पुढे जातो. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत घोषणा केली की ज्याची घडण कोणालाही वाचता, बदलता व वाटता येईल अशी प्रणाली आम्ही उभारणार. तिचे नाव ग्नू. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशा प्रणालीचा गाभा लिहिण्यास घेतला, तो लिनक्स. या दोहोंच्या जोडीतून आणि जगभरच्या हजारो हातांतून आजची प्रणाली झाली. आपल्याकडे केरळातील सरकारी शाळांनी ती मोठ्या प्रमाणावर वापरली. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने बॉस या नावाने तिची भारतीय भाषा जाणणारी आवृत्ती काढली. तिच्यासाठी परवान्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, आणि जुन्या यंत्रांवरही ती चालते.

लिनक्सवर प्रोग्रॅम दोन वाटांनी येतात. पहिली वाट राजमार्गाची. प्रत्येक लिनक्सचे स्वतःचे एक कोठार असते. तेथून प्रोग्रॅम मागविला म्हणजे तो आपल्या ठरलेल्या जागी बसतो, त्याला लागणारी हत्यारे प्रणालीच्या सामाईक पेटीतून घेतो, आणि त्याचे नाव आपोआप पटावर चढते. मेनू उघडला की तो दिसतो. हा आमच्या भाषेत कायम कामगार.

दुसरी वाट फिरत्या प्रोग्रॅमची. कोठारातील प्रोग्रॅम पुष्कळदा एक-दोन आवृत्त्या मागे असतो, आणि कधी आपल्याला हवा तो तेथे मुळीच नसतो. अशा वेळी बनविणारे लोक तो प्रोग्रॅम व त्याला लागणारी बहुतेक हत्यारे एकाच फाइलीत बांधून देतात. या बांधणीस ॲपइमेज म्हणतात. सायमन पीटर यांनी २००४ साली क्लिक या नावाने हा प्रयोग सुरू केला, २०११ मध्ये त्याला पोर्टेबल-लिनक्स-ॲप्स असे नाव मिळाले, आणि २०१३ पासून तो ॲपइमेज या नावाने ओळखला जातो. त्यामागील सूत्र असे की एक प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल. इंकस्केप, चित्रकलेचा क्रिटा, चलच्चित्रे जोडण्याचा केडेनलाइव्ह, आपले ओळखीचे लिबरऑफिस, हे सगळे या रूपात मिळतात.

ॲपइमेज म्हणजे आपला मुंबईहून आलेला चाकरमानी समजा. तो ट्रंक, वळकटी, डबा सगळे स्वतःचे घेऊन येतो. यजमानाच्या घरातील भांडे हलवीत नाही. त्या एका फाइलीत दाबून बसविलेले एक संपूर्ण लहान घर असते. टिचकी मारली की यंत्र ते घर तात्पुरते उघडते, आतला प्रोग्रॅम चालविते, आणि काम संपले की मिटते. प्रणालीत कोठेही काही रुतत नाही. फाइल पुसली की प्रोग्रॅम गेला; त्याने जपून ठेवलेल्या आपल्या आवडीनिवडींच्या चार नोंदी तेवढ्या घरच्या फोल्डरात राहतात.

परंतु कोठे रुतत नाही याचाच दुसरा अर्थ असा की कोठे नोंद होत नाही. मेनूला त्याचा पत्ता नाही, त्याला चित्र नाही, आणि शोधात नाव घातले तरी तो मेनूत सापडत नाही. तो बदलीवाला आहे. त्याची नोंद आपणच करावयाची असते.

ही नोंद कशी असावी याचे नियम ठरलेले आहेत. लिनक्सवर पडद्याच्या मांडण्या अनेक आहेत. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई ही त्यांतली काही नावे. प्रत्येकाने आपले वेगळे मस्टर ठेवले असते तर गोंधळ झाला असता. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू केला व या मांडण्यांनी सामाईक नियम पाळावेत असे काम चालले. त्यांतून डेस्कटॉप एन्ट्री नावाचा नियम झाला. त्यामुळे एकदा लिहिलेली नोंद सर्व मांडण्यांना वाचता येते. निरनिराळ्या गिरण्यांनी एकच नमुन्याचे मस्टर मान्य करावे, तसा हा प्रकार आहे; तो घडवून आणणे किती कठीण असते हे संघटनेत काम केलेल्यांना सांगावयास नको.

आता प्रत्यक्ष कृती. खालील शब्द संगणकात रोमन अक्षरांत लिहावयाचे आहेत. व्याख्यानाच्या वेळी आम्ही ते फळ्यावर तसे लिहून दाखविले होते, येथे उच्चार देत आहोत.

पहिले काम जागेचे. उतरवलेली फाइल डाउनलोड्स फोल्डरात ठेवू नये. ते बंदर आहे. माल उतरतो आणि उचलला जातो. आपल्या घरच्या फोल्डरात ॲप्लिकेशन्स नावाचा एक वेगळा फोल्डर करावा आणि फाइल तेथे हलवावी. तिचे लांबलचक नाव बदलून नुसते 'इंकस्केप.ॲपइमेज' असे ठेवावे. मूळ नावात आवृत्तीचा आकडा असतो. तो ठेवला तर नवी आवृत्ती आल्यावर नाव बदलेल आणि आपली नोंद खोटी पडेल. साधे नाव ठेवले म्हणजे जुनी फाइल काढून नवी त्याच नावाने ठेवली की काम झाले.

दुसरे काम परवान्याचे. इंटरनेटवरून उतरलेल्या फाइलीस लिनक्स आपण होऊन चालू देत नाही, आणि हा त्याचा चांगुलपणा आहे. फाइलीवर उजवी टिचकी मारून गुणधर्म उघडावेत आणि 'प्रोग्रॅम म्हणून चालविण्यास परवानगी' या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. मग दोनदा टिचकी मारून प्रोग्रॅम चालतो की नाही ते पाहावे. तो स्वतः चालत नसेल तर पाटी लावून काय उपयोग? येथे एक अडचण पुष्कळांना येते. ॲपइमेजातील ते दाबलेले घर उघडण्यासाठी जुन्या बांधणीच्या फाइलींना लिबफ्यूज-दोन नावाचा एक तुकडा लागतो, आणि उबुंटूच्या २२.०४ पासूनच्या आवृत्त्यांत तो आपोआप येत नाही. टिचकी मारूनही काहीच घडत नसेल तर टर्मिनल उघडून फाइल तेथून चालवावी. टर्मिनल चूक बोलून दाखवितो. फ्यूजचे नाव दिसले तर तो तुकडा कोठारातून मागवावा.

तिसरे काम चित्राचे. मेनूत दिसणारे चित्र ॲपइमेजाच्या पोटातच असते. टर्मिनलातून फाइलीचे नाव लिहून पुढे दोन आडव्या रेघा आणि 'ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट' असे लिहिले की तिच्या पोटातील सगळे सामान स्क्वॅशएफएस-रूट नावाच्या फोल्डरात निघते. त्यातील पीएनजी किंवा एसव्हीजी प्रकारचे चित्र उचलून आपल्या आयकॉन्सच्या फोल्डरात ठेवावे आणि बाकीचे पसारे पुसून टाकावे. एवढी खटपट नको असेल तर कोणतेही योग्य चित्र चालेल; संघाचे बोधचिन्हही चालेल.

चौथे काम नोंदीचे, आणि हेच मुख्य. एक साधा टेक्स्ट एडिटर उघडावा. पत्रे लिहितो तो वर्ड प्रोसेसर येथे वापरू नये. तो सरळ अवतरणचिन्हे वाकडी करतो आणि अदृश्य सजावट घुसडतो. मग पुढील ओळी लिहाव्यात:

[डेस्कटॉप एन्ट्री]
टाइप=ॲप्लिकेशन
नेम=इंकस्केप
नेम[एमआर]=पत्रके व फलक
एक्झेक="/होम/संघ/ॲप्लिकेशन्स/इंकस्केप.ॲपइमेज" %एफ
आयकॉन=/होम/संघ/.लोकल/शेअर/आयकॉन्स/इंकस्केप.एसव्हीजी
कॅटेगरीज=ग्राफिक्स;
टर्मिनल=फॉल्स

आठ ओळी. एकेक वाचू. पहिली चौकटी कंसातील ओळ म्हणजे मस्टरचा मथळा. ती नसेल तर यंत्र पुढचे वाचतच नाही. टाइप म्हणजे प्रकार: ही नोंद प्रोग्रॅमची आहे. नेम म्हणजे दिसणारे नाव. एक्झेक म्हणजे काय चालवावयाचे त्याचा पूर्ण पत्ता. 'संघ' हे आमच्या यंत्रावरील वापरणाऱ्याचे नाव आहे, तेथे ज्याने त्याने आपले घालावे. शेवटचे टक्क्याचे चिन्ह व एफ हे अक्षर सांगते की एखादी फाइल या प्रोग्रॅमने उघडावयास दिली तर ती त्याच्या हाती द्यावी. आयकॉन म्हणजे चित्राचा पत्ता. कॅटेगरीज म्हणजे खाते. मेनूच्या कोणत्या विभागात बसवावयाचे ते. त्यापुढे अर्धविराम द्यावा. टर्मिनल=फॉल्स म्हणजे या प्रोग्रॅमसाठी काळी खिडकी उघडू नये.

ही फाइल 'इंकस्केप.डेस्कटॉप' या नावाने आपल्या घरच्या फोल्डरातील '.लोकल', त्यातील 'शेअर', त्यातील 'ॲप्लिकेशन्स' या फोल्डरात ठेवावी. '.लोकल' हा टिंबाने सुरू होणारा फोल्डर लपलेला असतो. फाइलींच्या खिडकीत बहुधा कंट्रोल व एच ही बटणे एकत्र दाबली की दिसू लागतो. मघाशी सांगितलेला चित्रांचा आयकॉन्स फोल्डरही तेथेच, 'शेअर'च्या पोटात असतो. नसला तर करून घ्यावा. बहुतेक वेळा प्रोग्रॅम लगेच मेनूत येतो; न आल्यास एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे. ही नोंद त्या एका वापरणाऱ्यापुरती असते. यंत्रावरील सर्वांसाठी हवी असेल तर ती प्रणालीच्या सामाईक जागी ठेवावी लागते, आणि त्यासाठी मुख्य परवलीचा शब्द लागतो. मात्र तेव्हा प्रोग्रॅमची फाइलही सर्वांस पोहोचता येईल अशाच जागी पाहिजे.

सांगितले ते सोपे वाटते. आम्हांस मात्र पहिली पाटी लावण्यास तीन संध्याकाळी लागल्या. त्या चुका सांगितल्या तर आपल्या संध्याकाळी वाचतील.

पहिल्या दिवशी आम्ही नेम, एक्झेक ही नावे लहान अक्षरांनी सुरू केली. हे यंत्र लहान व मोठे अक्षर वेगळे मानते. या सर्व शब्दांचे पहिले अक्षर मोठे पाहिजे.

दुसऱ्या दिवशी घरच्या फोल्डरासाठी टर्मिनलात वापरतात ती नागमोडी रेघ आम्ही एक्झेकच्या पत्त्यात घातली. टर्मिनलात ती चालते, येथे नाही. येथे पत्ता मुळापासून पुरा लिहावा लागतो. पोस्टमन ओळखीचा असला म्हणजे नुसते 'आमच्या घरी' लिहून चालते. हा पोस्टमन ओळखीचा नव्हे.

तिसरी चूक आमच्या अभिमानाची होती. आम्ही फोल्डराचे नाव रोमन अक्षरांत 'कामगार संघ' असे ठेवले होते, दोन शब्द, मध्ये मोकळी जागा. यंत्र मोकळ्या जागेपाशी थांबते. त्याला वाटते 'कामगार' येथे पत्ता संपला, आणि 'संघ' हे पुढचे काही वेगळेच आहे. कामगार व संघ यांची अशी फारकत करू पाहणारे आम्ही आयुष्यभर पाहिले आहेत. संगणकाने ती केली तेव्हा आमचा आम्हांलाच हसू आले. उपाय असा की पत्ता सरळ दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा, किंवा नावात मोकळी जागाच ठेवू नये. दोन्ही केले तर उत्तम.

अशा चुकांत फसवे हे की यंत्र ओरडत नाही. काही मांडण्यांत चित्र दिसते पण दाबल्यावर काही होत नाही. काहींत नोंदीत दोष असला किंवा पत्त्यावर चालण्याजोगा प्रोग्रॅम नसला तर चित्र उमटतच नाही. म्हणून 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' नावाचे एक तपासनीस साधन आहे. टर्मिनलात ते नाव व पुढे आपल्या फाइलीचे नाव लिहिले की ते नमुन्यातील चुका ओळीसह सांगते. सगळे ठीक असेल तर गप्प राहते. मात्र ते नमुना तपासते. पत्त्यावर प्रोग्रॅम खरोखर आहे की नाही हे आपणच पाहावे.

आता चौथ्या ओळीकडे पुन्हा वळू, कारण ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. चौकटी कंसातील एम व आर ही दोन रोमन अक्षरे म्हणजे मराठीची आंतरराष्ट्रीय खूण. प्रणालीची भाषा मराठी ठेवली असेल तर मेनूत त्या ओळीतील नाव दिसते. अन्यथा साधे नेम दिसते. प्रणाली इंग्रजीच ठेवावयाची असेल, तर साध्या नेम ओळीतही देवनागरी लिहिता येते. मस्टरला लिपीचे वावडे नाही. ही सोय आपोआप आलेली नाही. लिनक्सच्या मांडण्यांचे मराठीकरण स्वयंसेवकांनी व पगारी भाषांतरकारांनी एकेक शब्द बसून केले आहे, त्यात पुण्यात काम करणारे पुष्कळ होते. रेड हॅट कंपनीने भारतीय लिप्यांसाठी लोहित नावाचे मुक्त टंक उपलब्ध केले. ताईंनी आमच्या नोंदीत इंकस्केप या शब्दाऐवजी 'पत्रके व फलक' लिहून घेतले. त्या म्हणाल्या, "प्रोग्रॅमचं नाव घेऊन मी काय करू? काम काय होतं ते लिहा." आम्हांस वाटते, यंत्रांना नावे देण्याचा हा फार शहाणपणाचा नियम आहे.

तरीही पाटीवर जे लिहिले आहे तेच आत असेल याची हमी पाटी देत नाही, हे विसरू नये. नेम ही एक ओळ, एक्झेक ही दुसरी. नेममध्ये 'पगारपत्रक' लिहून एक्झेकमध्ये फाइली पुसण्याची आज्ञा लिहिता येते, आणि चित्र तर कोणतेही लावता येते. म्हणूनच उबुंटूसारख्या प्रणालीत पडद्यावर ठेवलेल्या अशा नोंदीस आधी 'चालविण्यास परवानगी द्या' असे उजव्या टिचकीने सांगावे लागते. कोणी निरोपातून अशी फाइल पाठविली तर ती दाबू नये. ती टेक्स्ट एडिटरात उघडावी आणि एक्झेकची ओळ वाचावी. आम्ही सभासदांना नेहमी सांगत आलो की न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. हाच नियम येथे लागू आहे. ज्याने आठ ओळी एकदा स्वतः लिहिल्या त्याला दुसऱ्याच्या आठ ओळी वाचता येतात. हाताने लिहिण्याचा खरा लाभ हा आहे.

फिरत्या प्रोग्रॅमचीही एक उणी बाजू सांगितली पाहिजे. कोठारातून आलेल्या प्रोग्रॅमांची दुरुस्ती प्रणाली आपल्या नेहमीच्या डागडुजीबरोबर करते. ॲपइमेज आपली हत्यारे आपल्याच वळकटीत बाळगतो. त्यातील एखाद्यात दोष सापडला तर नवी फाइल आपण होऊन आणावी लागते. तेव्हा कोठारात मिळतो तो प्रोग्रॅम कोठारातूनच घ्यावा. न मिळेल किंवा फार जुना असेल तेव्हाच ही वाट धरावी. आणि फाइल घ्यावी ती बनविणाऱ्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहून, तिसऱ्या हातून नव्हे. संघाच्या यंत्रांत सभासदांची नावे, पत्ते, मजुरीचे हिशेब असतात. ते आपल्या विश्वासावर ठेवलेले आहेत.

कोणी विचारील की इतकी खटपट कशाला? ही नोंद आपोआप करून देणारे प्रोग्रॅमही आहेत, ॲपइमेज-लाँचर, गिअर-लिव्हर अशा नावांचे. आहेत, आणि ज्यांना रोज दहा प्रोग्रॅम आणावे लागतात त्यांनी ते अवश्य वापरावेत. आम्हीही पुढेमागे वापरू. परंतु आमची कचेरी ज्या रात्री अडली, ती साधन नव्हते म्हणून अडली नाही. साधन जाणणारा मुलगा गावात नव्हता म्हणून अडली. त्याच्याऐवजी दुसरे एक आपोआप चालणारे साधन आणून बसविले असते, तर ते बिघडेल त्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच ठिकाणी उभे राहिलो असतो. नोंद कोठे असते, तिच्यात काय लिहिलेले असते आणि ती का चालत नाही हे ज्याला कळते, तो साधन असले तरी चालतो आणि नसले तरी थांबत नाही.

आज आमच्या कचेरीत या आठ ओळी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारच्या भिंतीस लावलेल्या आहेत. ताईंनी त्यावरून दुसऱ्या यंत्रावरची नोंद आमच्या मदतीशिवाय केली. बचत गटाच्या दोघी जणी ती पाहून गेल्या व एकीने घरी आपल्या मुलाच्या यंत्रावर करून पाहिली. तिला आयकॉनचा पत्ता चुकला, तो तिने स्वतःच हुडकला. ज्या कार्यकर्त्याने फोल्डर साफ केला होता, त्याच्याकडे आम्ही आता दर महिन्यास नव्या आवृत्त्या पाहण्याचे काम सोपविले आहे, आणि तो ते चोख करतो.

ज्यांच्या कपाटात असे जुने यंत्र भंगाराची वाट पाहत पडले असेल, त्यांनी ते भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा आमच्या कचेरीत आणावे. पुठ्ठा भिंतीवर आहे. रविवारी दुपारी आम्ही असतोच.